११८ तास झाले. आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, फक्त उपकरणांवर उडवायची पात्रता) सोबतच करू की सीपीएलनंतर (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स)? पावसाळ्याआधी काय उडवून घेऊ?

चुलबंदकाठ विचारते:

नमस्कार मंडळी. गाव साकोलीकडे, ट्रेनिंग विदर्भातच सुरू आहे. विमान सेसना १७२, जुन्या सहा घड्याळांच्या पॅनेलचं. लॉगबुक आज असं आहे: एकूण ११८ तास, त्यात पीआयसी (स्वतः कॅप्टन म्हणून) ५२, पीआयसी क्रॉस-कंट्री (दुसऱ्या गावाकडची लांब फेरी) १४, विमानात हुडखाली (बाहेरचं झाकून फक्त उपकरणांवर) ४, सिम्युलेटर ३, रात्रीचं शून्य. पेपरपैकी रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी निघाले. नेव्हिगेशन, दोन्ही टेक्निकल आणि आरटीआर (रेडिओ वापरायचा परवाना) बाकी.

आता एप्रिल अर्धा गेला. जूनच्या मध्यानंतर आपल्याकडे उड्डाणाचा काही भरवसा नाही. म्हणून विचारते:

१. इन्स्ट्रुमेंट रेटिंग सीपीएलसोबत करावं की लायसन्स हातात आल्यावर?
२. रात्रीचे पाच तास आत्ताच उरकून घेऊ का? बॅचमधले काही जण तसंच करत आहेत.
३. सिम्युलेटरचे २० तास एकदम लावून टाकले तर चालतील का?
४. होल्डची (वाट बघताना घालायच्या ठरावीक घिरट्यांची) एंट्री दरवेळी चुकते, आणि आयएलएसवर (धावपट्टीवर उतरवणारी रेडिओ यंत्रणा) लोकलायझरची (धावपट्टीच्या मध्यरेषेची) सुई शेवटच्या तीन मैलांत या टोकाहून त्या टोकाला जाते. चूक नेमकी कुठे होते?

पैशाचं गणित घरी शेतीच्या हिशेबाने चालतं, तेव्हा वाया जाणारा तास परवडत नाही.

———

हुडखाली लिहितात:

ताई, पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. २०० हा आकडा डोक्यातून काढा आणि रकाने बघा.

सीपीएलसाठी २०० तासांत पीआयसी किमान १००, पीआयसी क्रॉस-कंट्री किमान २०, इन्स्ट्रुमेंट १० (त्यात सिम्युलेटर जास्तीत जास्त ५) आणि रात्रीचे ५, त्यात पीआयसी म्हणून दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग. आयआरसाठी मात्र पीआयसी क्रॉस-कंट्री ५० आणि इन्स्ट्रुमेंट ४० लागतात. या ४० पैकी सिम्युलेटरचे २० पर्यंत चालतात.

क्रॉस-कंट्रीचा रकाना २० वरून ५० वर जातो, खरी मेख तिथे आहे. आयआर नंतरसाठी ठेवलं, तर सीपीएलपर्यंतचे पीआयसी तास लोकल सेक्टरमध्ये घिरट्या घालण्यात जातात आणि मग हे ३० तास वेगळे पैसे मोजून उडवावे लागतात. सोबत धरलं, तर तेच तास १०० पीआयसीमध्येही बसतात आणि ५० क्रॉस-कंट्रीमध्येही. त्यामुळे सोबतच करा. तसंही एअरलाइनच्या जाहिरातीत मल्टी-इंजिन आयआरसह सीपीएल मागतात.

तुमचं गणित मांडतो. २०० ला ८२ तास उरले. पीआयसी ४८ हवेत, डुअलला (इन्स्ट्रक्टरसोबत) ३४ उरतात. इन्स्ट्रुमेंटचे विमानातले २० लागणार, ४ झाले, म्हणजे हुडखाली आणखी १६. मल्टी-इंजिनला १५ च्या आसपास धरा. रात्रीच्या डुअलला तीनेक तास राहतात. बरोबर ३४. म्हणजे चुकायला जागा जवळपास नाही. हुडचे काही तास मल्टीवरच केले तर थोडी मोकळीक मिळेल, आणि तसंही आयआरची परीक्षा मल्टीवर द्यायची असेल तर ते करावंच लागेल. सिम्युलेटरचे तास या विमानाच्या २०० मध्ये धरून बेत करू नका.

एक गैरसमज इथे नेहमी दिसतो. हुड घालून इन्स्ट्रक्टरसोबत जबलपूरला गेलात तर तो तास इन्स्ट्रुमेंटमध्ये गेला, पण पीआयसी क्रॉस-कंट्रीत गेला नाही. तो डुअलच. दोन्हीत मोजलेली बेरीज पुढे तपासणीत अडकते.

आता रात्रीचं. आत्ता करू नका. रात्रीची ती दहा टेक-ऑफ-लँडिंग अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली लागतात. जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसाची आणि रात्रीची क्रॉस-कंट्री टेस्ट यांनाही हीच सहा महिन्यांची खिडकी आहे, आणि १०० पीआयसीपैकी १५ तासही त्याच खिडकीतले हवेत. तुमचे तीन पेपर आणि आरटीआर बाकी आहेत. मे महिन्यात रात्रीचं उरकलं आणि एखादा पेपर जानेवारीवर गेला, की ती रात्र पुन्हा उडवा. बॅचमधल्यांचे सगळे पेपर निघाले असतील तर त्यांचं बरोबर असू शकतं. तुमचं नाही.

म्हणून उलटं मोजत या. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकायचा धरला, तर खिडकी सप्टेंबरच्या सुमारास उघडते. जूनपर्यंत पीआयसी क्रॉस-कंट्रीचे २८ तास करा, म्हणजे १४ चे ४२ होतील. पावसाळ्यात पेपर आणि सिम्युलेटर. ऑक्टोबरपासून हुड, रात्र, आणि क्रॉस-कंट्रीचे उरलेले ८. मल्टी आणि आयआरची परीक्षा सगळ्यात शेवटी, कारण आयआरची मुदत १२ महिन्यांची असते. लवकर घेतली तर नोकरी लागण्याआधीच नूतनीकरणाचा खर्च येतो.

४८ पीआयसी तास उन्हाळ्यातच संपवून टाकू नका. २८ आत्ता, २० नंतरसाठी राखा. त्यातच ते १५ बसतात.

———

धावपट्टी_पूर्व लिहितात:

वरच्या हिशेबाला मार्गाची जोड देतो. तुमचा बेस लिहिलेला नाही, म्हणून गोंदियाचं बिरसी धरतो.

सीपीएलला एक क्रॉस-कंट्री किमान ३०० नॉटिकल मैलांची लागते, आणि तीत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग. बिरसी–रायपूर सुमारे ८४, रायपूर–जबलपूर सुमारे १५२, जबलपूर–बिरसी सुमारे १००. एकूण ३३६ च्या आसपास. काठावर नाही, आणि दोन्ही थांबे मोठ्या विमानतळांवर. बिरसी–नागपूर–बिरसी मात्र दीडशेच्या आतच संपतं, आणि नागपूर–अमरावती–नागपूरही तेवढंच. असे छोटे फेरे तास भरायला ठीक, पण ३०० च्या अटीला उपयोगाचे नाहीत. दिवसाच्या टेस्टला २५० मैल आणि दुसरीकडे एक पूर्ण लँडिंग लागतं. नागपूर–जबलपूर–नागपूर सुमारे २७४ होतं. रात्रीच्या टेस्टला १२० मैल, पण कुठेही न उतरता परत. बिरसीहून नागपूरच्या डोक्यावर जाऊन परत आलं तर सुमारे १४८.

१७२ च्या नव्या मॉडेलमध्ये वापरता येईल असं इंधन सुमारे २०० लिटर असतं आणि क्रूझला तासाला ३२ ते ३४ लिटर जातं. वरचा त्रिकोण टॅक्सी आणि सर्किट धरून साडेतीन तासांचा, म्हणजे १२० लिटरच्या आसपास. भरलेल्या टाकीवर एकट्याने जात असाल तर वाटेत इंधन घ्यायची गरज पडू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण अ‍ॅवगॅस प्रत्येक विमानतळावर तयार मिळेल असं नसतं. जेट इंधन आहे म्हणून आपली सोय आहे असं समजू नका. निघण्याआधी फोन करून विचारा.

वेळ वाया जातो तो जास्त करून जमिनीवर. फ्लाइट प्लॅन टाकल्यावर एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक मिळेपर्यंत इंजिन चालू करून उभं राहू नका. हॉब्स मीटर (इंजिनाचे तास मोजणारं) पळत राहतं आणि ते मिनिट कोणत्याच रकान्याला मदत करत नाही. पार्किंग आणि उतरायची परवानगी आदल्या दिवशीच घ्या. रायपूर किंवा जबलपूरला शेड्यूल्ड विमानांच्या गर्दीच्या वेळी पोहोचलात तर होल्डमध्ये फिरवत ठेवतील. होल्डचा सराव फुकट होतो म्हणा, पण १२० लिटरचं गणित तेव्हा १३५ वर जातं.

सूर्यास्ताचा हिशेब घट्ट ठेवा. आपल्याकडे व्हीएफआर (बाहेर बघून करायचं) उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच. त्यानंतर फक्त एटीसीने परवानगी दिलेली लोकल आणि फ्लाइंग क्लबची ट्रेनिंग उड्डाणं. लॉगबुकची रात्र वेगळी आहे, ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी केलेलं लँडिंग रात्रीच्या रकान्यात टाकलंत तर ते गैर आहे, आणि तपासणारा सूर्यास्ताची वेळ बघतोच.

रात्र डिसेंबर-जानेवारीत करायची आणखी एक सोय. सूर्य साडेपाच-पावणेसहाला बुडतो. विमानतळाची वॉच वेळ (टॉवर चालू असण्याची वेळ) ठरलेली असेल तर मे महिन्याच्या तुलनेत तासभर जास्त अंधार हाताशी येतो, आणि दहा सर्किटं दोन संध्याकाळींत बसतात.

———

नवतपा लिहितात:

बापा, उन्हाचा हिशेब कोणीच नाही लिहिला, म्हणून लिहितो.

बिरसीची उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या जरा खाली. मे महिन्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) १००३ च्या आसपास येतो. म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबाच्या पातळीपासूनची उंची) साधारण १,३०० फूट. त्या उंचीचं प्रमाण तापमान साडेबारा अंश. बाहेर ४५ असेल तर फरक ३२ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की सुमारे ३,९०० फूट वाढले. डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,२०० च्या घरात. सकाळी सहाला ३० अंश असताना तीच ३,४०० च्या आसपास असते. दोन्ही वेळा पीओएचच्या (विमानाच्या पुस्तिकेच्या) तक्त्यात घालून टेक-ऑफ रोल आणि चढण्याच्या दराची तुलना स्वतः करा. नुसतं ऐकून पटत नाही.

त्यामुळे एप्रिल-मे मध्ये पहाटे निघून दहाच्या आत परत. साडेतीन तासांचा त्रिकोण असेल तर शेवटचा टप्पा उन्हात येणारच, तेव्हा जबलपूरहून निघतानाचं वजन आणि तापमान आधीच काढून ठेवा. दुपारनंतर अवकाळीचे ढग सातपुड्याच्या बाजूने उठतात. बालाघाट-शिवनीच्या डोंगररांगेवर टॉवरिंग क्युम्युलस (उंच वाढत जाणारा ढग) दिसला तर त्याच्या खालून काढायचा मोह नको. गारपीट ढगाच्या बाहेरही पडते.

इंधन-इंजेक्शनवालं इंजिन असेल तर उन्हात थांबून पुन्हा सुरू करताना लाइनमधलं इंधन वाफ होऊन बसलेलं असतं. थंड इंजिनासारखं प्राइम करत राहिलात की पूर येतो आणि मग स्टार्टर तापतो. गरम इंजिनाची आणि पूर आलेल्या इंजिनाची, अशा दोन्ही पद्धती चेकलिस्टमध्ये वेगवेगळ्या दिलेल्या असतात. रायपूरला एप्रनवर उभं राहून त्या पहिल्यांदा वाचू नका.

आता एक गोष्ट जी आयएलएस करताना उन्हाळ्यात हमखास गोंधळात टाकते. तापमान प्रमाणापेक्षा ३० अंशांनी जास्त असेल तर अल्टिमीटर खऱ्या उंचीपेक्षा कमी दाखवतो. ग्लाइड स्लोपवर (आयएलएसच्या उतरत्या रेषेवर) अगदी मधोमध असताना, विमानतळाच्या वर १,५०० फुटांची तपासणी जिथे चार्टवर आहे तिथे अल्टिमीटरची सुई १,३५० च्या आसपास दिसेल. विद्यार्थी घाबरून नाक वर घेतो आणि ग्लाइड स्लोपच्या वर जाऊन बसतो. ग्लाइड स्लोप जमिनीवरून येणारी रेडिओ किरणं आहे, तिला ऊन लागत नाही. थंडीत याच्या उलट होतं, पण आपल्या जानेवारीत फरक फार लहान असतो.

मल्टीवर एका इंजिनाचा सराव मे महिन्याच्या दुपारी लावत असतील तर वेळ बदलून मागा. दोन इंजिनांपैकी एक गेलं म्हणजे निम्मी शक्ती गेली, पण चढायची ताकद निम्म्याहून खूप जास्त जाते, आणि ५,२०० च्या डेन्सिटी अल्टिट्यूडला ती जवळपास उरतच नाही. ब्लू लाइन स्पीड (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचा वेग) धरूनही चढाची सुई शून्याजवळ राहील. हिवाळ्यात तोच व्यायाम शिकवण्यासारखा होतो.

———

हुडखाली लिहितात:

तिसरा आणि चौथा प्रश्न राहिला होता.

सिम्युलेटरचे २० एकदम नको. नियमात चालतं, पण शिकण्यात बसत नाही. पावसाळ्यात दहा-अकरा तास प्रोसिजरवर घाला: व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) ट्रॅकिंग, होल्ड, डीएमई आर्क (केंद्रापासून ठरावीक अंतरावरचा वळसा), आयएलएस, उतरता न आल्यास पुन्हा वर जायचा मिस्ड अ‍ॅप्रोच. बाकीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुडच्या तासांच्या मधे मधे लावा. विमानात जे चुकलं ते दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरवर थांबवून, मागे नेऊन बघता येतं, हाच त्याचा खरा उपयोग. एकदम २० लावणाऱ्याची स्कॅन (उपकरणांवरून नजर फिरवणं) सिम्युलेटरच्या स्थिर खुर्चीला सरावते. विमानात हलकासा धक्का आला, कानातला द्रव सरकला, की डोकं म्हणतं विमान वळतंय आणि हात त्याचं ऐकतात. ती लीन्सची (विमान कललंय असा खोटा भास) सवय खुर्चीत मोडत नाही.

पावसाळ्यातल्या ढगात शिरून खरा इन्स्ट्रुमेंट तास मिळवू असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. आपल्याकडच्या थरांच्या ढगांत सीबी (गडगडाटी वादळी ढग) लपलेले असतात आणि ट्रेनर विमानात वेदर रडार नसतं. हुड पुरेसा आहे. फक्त खालून डोकावायचं नाही.

होल्ड. एंट्री चुकते कारण बहुतेक विद्यार्थी कागदावरची आकृती डोक्यात फिरवायला बघतात. डीआयवर (दिशा दाखवणाऱ्या घड्याळावर) बघा. फिक्सवर (होल्डच्या ठरलेल्या बिंदूवर) पोहोचताना होल्डचा आउटबाउंड (फिक्सपासून दूर जायचा) हेडिंग डीआयवर शोधा. उजव्या वळणाचा होल्ड असेल आणि तो आकडा नाकापासून उजवीकडे ७० अंशांच्या आत असेल तर ऑफसेट एंट्री, म्हणजे ३० अंशांची टिअरड्रॉप. नाकापासून डावीकडे ११० च्या आत असेल तर पॅरलल. बाकी खालच्या अर्ध्यात कुठेही असेल तर डायरेक्ट. डावा होल्ड असेल तर आरशासारखं उलटं. हद्दीवर पाच अंश इकडेतिकडे चालतात, तिथे वाद घालत बसू नका. घरी खळ्यावर खडूने रेसट्रॅक आखा, हातात होकायंत्र घेऊन वेगवेगळ्या दिशांनी चालत या. एका संध्याकाळी बसून जातं.

वाऱ्याचं गणित: १०० नॉट टीएएसला (हवेतला खरा वेग) १५ नॉटचा आडवा वारा म्हणजे ड्रिफ्ट (वाऱ्याने सरकणं) ९ अंश. इनबाउंडला ९ लावले तर आउटबाउंडला तिप्पट, २७ लावा. कारण दोन्ही वळणांत तुम्ही काहीच सुधारणा करत नाही, ती भरपाई सगळी आउटबाउंडवरच करायची असते. आउटबाउंडला शेपटीचा वारा २० नॉट असेल तर एका मिनिटातून २० सेकंद कमी. १४,००० फुटांपर्यंत लेग एक मिनिटाचा. वळण रेट वन (दोन मिनिटांत पूर्ण फेरा): १०० नॉटला बँक सुमारे १७ अंश, टीएएसचा दहावा भाग अधिक सात.

लोकलायझर. व्हीओआरची सुई टोकाला गेली की १० अंश, लोकलायझरची गेली की जेमतेम अडीच. म्हणजे लोकलायझर चौपट तिखट. त्यात तो धावपट्टीकडे जाताना निमुळता होतो. आठ मैलांवर जी दहा अंशांची दुरुस्ती बरोबर होती, ती दोन मैलांवर सुई टोकाला नेते. दूर असताना ५ अंश, ग्लाइड स्लोप पकडल्यानंतर २-३, आणि हजार फुटांखाली फक्त एक-दोन. सुईच्या मागे धावायचं नाही. सुई थांबवणारा हेडिंग शोधायचा, तो लक्षात ठेवायचा, आणि मग त्याच्या आजूबाजूला खेळायचं. तुमची सुई टोकाहून टोकाला जाते याचा अर्थ हेडिंगची दुरुस्ती वेळेत काढली जात नाही. सुई मधे यायला लागली की अर्धी दुरुस्ती तेव्हाच काढा, मधे आल्यावर नाही.

तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपला उतरण्याचा दर ग्राउंडस्पीडच्या पाचपट, आणि वर थोडा: ९० नॉटला ४५० ते ४८०. इथे ग्राउंडस्पीड लिहिलंय, इंडिकेटेड नाही. शेपटीचा वारा असताना ४५० धरून बसलेला विद्यार्थी ग्लाइड स्लोपच्या वर राहतो आणि शेवटी डुबकी मारतो.

नागपूरच्या धावपट्टी ३२ वर आयएलएस आहे. बिरसीहून ७४ मैल, तेव्हा एका डुअल फेरीत जाताना व्हीओआर ट्रॅकिंग, तिथे होल्ड, आयएलएस, मिस्ड अ‍ॅप्रोच आणि परत येताना पार्शल पॅनेल (काही उपकरणं बंद धरून उडवणं), असं सगळं बसतं. पण नागपूर गर्दीचा विमानतळ. दोन अ‍ॅप्रोच हव्यात हे फ्लाइट प्लॅनमध्येच लिहा आणि फोनवर शांत वेळ विचारून घ्या.

पार्शल पॅनेलबद्दल एकच. कंपास वळणात उत्तरेकडे जाताना लवकर थांबायचं, दक्षिणेकडे उशिरा. किती, हे अक्षांशावर ठरतं. आपण २१ अंशांवर. १६ अंशांच्या बँकला उत्तरेला साधारण २९ अंश आधी, दक्षिणेला १३ नंतर. परदेशी पुस्तकांतली उदाहरणं ४० अंशांच्या आसपासची असतात, तिथला आकडा इकडे लावला तर हेडिंग वीस अंशांनी हुकतो. आणि डीआय दर १०-१५ मिनिटांनी कंपासशी जुळवा, सरळ आणि समतल असतानाच.

———

चुलबंदकाठ:

खूप उपयोगी, दादा. म्हणजे आत्ता फक्त पहाटेचे क्रॉस-कंट्री, रात्र थांबवते. दोन शंका. हिवाळ्यात आमच्या धानाच्या पट्ट्यात बोड्यांवर (लहान तलावांवर) सकाळी धुकं बसतं, मग हुडचे १६ तास आणि मल्टी तिथे मावतील का? आणि वरच्या बेरजेत अमेरिकेत काही तास करून यायचा पर्याय कुठे बसतो? काका म्हणतात तिकडे लवकर होतं.

———

धावपट्टी_पूर्व:

धुक्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी वैनगंगेच्या खोऱ्यात आणि तलावांच्या आजूबाजूला सकाळची दृश्यमानता ५ किलोमीटरखाली जाते, त्यात कापणीनंतरच्या धानाच्या तणसाचा धूर. व्हीएफआरला ५ किलोमीटर आणि १,५०० फुटांची सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) हवी. साधारण नऊ-साडेनऊनंतर मोकळं होतं. म्हणजे उन्हाळ्यात पहाट आणि हिवाळ्यात दुपार, असा दिवस उलटा करा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी हे आपल्याकडचे सगळ्यात मोकळे काळ. हुडचे दहा तास ऑक्टोबरमध्येच ओढा, मल्टी फेब्रुवारीला ठेवा. दिवाळी मधे येते आणि इन्स्ट्रक्टर रजेवर जातात, तेही धरा.

———

लॉगबुकवाली:

अमेरिकेचं मी सांगते. तिकडे लायसन्स मिळाल्यावर इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाही बरेच तास पीआयसी म्हणून लिहिता येतात. डीजीसीए (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) ते पीआयसी धरत नाही, डुअलच धरते. तिकडच्या लॉगबुकमध्ये १४० पीआयसी दिसणारा इकडे ८०-८५ वर येतो, आणि मग उरलेले तास पुन्हा उडवतो. ३०० मैलांच्या फेरीत दोन्ही लँडिंग पूर्ण थांबून नसतील, टच-अँड-गो असतील, तर तीही जाते.  आणि कन्व्हर्जनला रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मेटचा एकत्र पेपर द्यावाच लागतो. तुमचे ११८ तास इकडचे आहेत, मधेच जाऊन तुटक तास आणू नका. जायचं तर पहिल्या तासापासून.

पैशाचा विषय निघालाच आहे तर: नागपूरच्या महाज्योतीने ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी सीपीएल प्रशिक्षणाची योजना चालवली आहे. पात्रता बसत असेल तर त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठीही.

आरटीआरबद्दल जुन्या नोट्स बघू नका. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून ते काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आलं. अर्जाचा रस्ता बदलला. इतर पेपरांना उत्तीर्णतेसाठी ७० टक्के लागतात, नकारात्मक गुण नाहीत, तेव्हा नेव्हिगेशनला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता लॉगबुक. ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा उड्डाणामुळे नाही, बेरजेमुळे. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना मिनिटांचं दशांशात रूपांतर एकाच पद्धतीने करा. १ तास २० मिनिटं कुठे १.२ आणि कुठे १.३ लिहिलं की शेवटी तासभर हरवतो. क्रॉस-कंट्रीच्या ओळीत नुसतं ‘लोकल-जबलपूर’ नको, प्रत्येक लँडिंगचं ठिकाण आणि वेळ हवी. रात्रीची लँडिंग संख्येने लिहा. हुडच्या वेळेतून टॅक्सी, टेक-ऑफ आणि लँडिंग वजा करा. अडीच तासांच्या फेरीत इन्स्ट्रुमेंट अडीच लिहिलं की तपासणाऱ्याला कळतं. खाडाखोड असेल तर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सीएफआयची (मुख्य इन्स्ट्रक्टरची) सही. पांढरी शाई अजिबात नाही.

सिम्युलेटरच्या तासांचा रकाना वेगळा ठेवा, यंत्राचा मंजुरी क्रमांक ओळीत लिहा आणि त्या मंजुरीची मुदत तुमच्या तारखेला चालू होती का ते तिथल्या तिथे बघून घ्या. मुदत संपलेल्या यंत्रावरचे तास धरले जात नाहीत, आणि पावसाळ्यात सगळे एकदम सिम्युलेटरवर येतात तेव्हा हे कोणी बघत नाही. अर्ज करायच्या आठवड्यात नियमांची चालू प्रत उतरवून तुमच्या रकान्यांसमोर ठेवा, कारण दुरुस्त्या येत राहतात आणि आपल्या चर्चेतला मजकूर जुना होतो.